भाग ४१ : तीन एसएमएसएवढा कोड आणि मामाची संत्र्याची बाग

(या भागाचा थोडा साफसूफ केलेला ट्रान्स्क्रिप्ट. अडखळणं, चहाचा ब्रेक आणि मागे भुंकणारं कुत्रं कापलंय. बाकी जसं बोललो तसंच.)

मागच्या भागात आपण पासवर्डवर बोललो होतो. आज विषय एकदम वेगळा आहे, शेतातला. पण दहा मिनिटं थांबा, शेवटी आपण पुन्हा कोडवरच येणार आहोत.

सुरुवात एका फोनने. दिवाळीच्या आधी मामाचा व्हिडिओ कॉल आला. मामाची बाग वरूडकडे, संत्र्याची. दोन प्लॉट आहेत. जुना प्लॉट वीस वर्षांचा, जंबेरीच्या खुंटावरचा. नवा प्लॉट आठ वर्षांचा, रंगपूर लाइमच्या खुंटावर. रंगपूर का? कारण विहिरीचं पाणी दरवर्षी कमी होत चाललं होतं आणि रंगपूरचा खुंट पाण्याचा ताण जास्त सोसतो. हिशेब बरोबर होता. कलमा मामाने स्वतः बांधल्या, डोळे घेतले जुन्या प्लॉटमधल्या चार उत्तम झाडांचे.

आता नव्या प्लॉटमधल्या अडीचशे झाडांपैकी नव्वदएक झाडं खुजी राहिली होती. बाकीची डोक्यावर गेली, ही छातीपर्यंतच. फळं कमी. आणि बुंध्याला, डोळा भरला त्या जागेच्या खाली, साल उभी तडकून पापुद्र्यासारखी सुटत होती.

सगळ्यांनी एकच सांगितलं, डिंक्या. विदर्भात संत्र्याच्या बुंध्याला काहीही झालं की पहिलं नाव डिंक्याचंच येतं. मामाने दोन वर्षं बोर्डो पेस्ट लावली, औषधं ओतली. फरक शून्य. मला म्हणाला, "अबे, ज्या झाडाचे डोये घेतले ते झाड तं अजूनही ठणठणीत हाये! मंग ह्यायलेच काय झालं?"

मी बीटेक कॉम्प्युटरवाला. संत्र्यातलं मला फक्त सोलून खाणं कळतं. पण हा प्रश्न ऐकला आणि डोक्यात लाइट पेटला, कारण आमच्या ऑफिसात आठवड्यातून एकदा हेच वाक्य ऐकू येतं : "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!"

०२:४० | आधी नमुना, मग निदान

फोटोवरून रोग सांगू नये, हे मी तेव्हा शिकलो. डिंक्या हा फायटोफ्थोराचा रोग. त्यात साल सडते, डिंक ओघळतो. मामाच्या झाडांची साल कोरडी होती, डिंक नावालाच. मग दोन्ही प्लॉटमधल्या झाडांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. पीसीआर चाचणीचा रिपोर्ट आला : सिट्रस एक्झोकॉर्टिस व्हायरॉइड. खुज्या झाडांत सापडला, आणि डोळे दिलेल्या चार जुन्या झाडांपैकी दोघांतही सापडला. तीच ती ठणठणीत झाडं.

व्हायरस नाही हं, व्हायरॉइड. मलाही आधी टायपिंगची चूक वाटली होती.

०३:३० | व्हायरॉइड म्हणजे नक्की काय?

व्हायरस आपल्याला आता तोंडपाठ आहे. आत जनुकांचा धागा, बाहेर प्रोटीनचं कवच. कोरोनाच्या व्हायरसचा धागा साधारण ३०,००० अक्षरांचा. अक्षरं म्हणजे आरएनएची चार : ए, यू, जी, सी.

व्हायरॉइडला कवच नाही. नुसता आरएनएचा तुकडा, दोन्ही टोकं जोडलेली, म्हणजे गोल बांगडी. आणि लांबी? एक्झोकॉर्टिसच्या व्हायरॉइडची साधारण ३७१ अक्षरं. जुन्या फोनवर इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची, आठवतंय? म्हणजे अख्खा रोग तीन एसएमएसमध्ये मावतो.

अजून गंमत ऐका. या ३७१ अक्षरांत एकाही प्रोटीनची रेसिपी नाही. साधा व्हायरससुद्धा स्वतःची दोन-चार प्रोटीनं बनवून घेतो. हा काहीच बनवत नाही.

म्हणूनच शास्त्रज्ञांना हे पचायला जड गेलं. अमेरिकेत बटाटे चातीसारखे लांबुळके होण्याचा एक रोग होता. सगळे त्याचा व्हायरस शोधत होते. मेरीलंडमधल्या बेल्ट्सव्हिलला, अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणारे, मूळचे स्वित्झर्लंडचे थिओडोर डीनर यांनी दाखवलं की रोग करणारी वस्तू हा उघडा आरएनए आहे आणि तो कुठल्याही ज्ञात व्हायरसपेक्षा कितीतरी लहान आहे. १९७१ मध्ये त्यांनी त्याला व्हायरॉइड नाव दिलं. पुढच्याच वर्षी संत्रावर्गातला एक्झोकॉर्टिसही त्याच जातीचा असल्याचं समोर आलं. १९७८ मध्ये बटाट्याच्या व्हायरॉइडची सगळी ३५९ अक्षरं वाचून झाली.

लहान म्हणून हलक्यात घेऊ नका. फिलिपिन्समध्ये 'कडांग-कडांग' नावाच्या रोगाने तीन कोटींहून जास्त नारळाची झाडं मारली. त्याच्या व्हायरॉइडची लांबी २४६ अक्षरं. दोन एसएमएस.

०५:१० | काहीच बनवत नाही, मग झाड आजारी कसं पडतं?

आता आपल्या भाषेत. कोड लिहिला की तो चालवायला सर्व्हर लागतो. व्हायरॉइडकडे सर्व्हर नाही, तो झाडाचा वापरतो. एक्झोकॉर्टिसचा व्हायरॉइड पेशीच्या केंद्रकात जातो. तिथे झाडाचं एक एन्झाइम असतं, ज्याचं रोजचं काम म्हणजे डीएनए वाचून आरएनए लिहिणं. व्हायरॉइड त्याला फसवून स्वतःची कॉपी काढायला लावतो. आणि बांगडीला शेवट नसल्यामुळे कॉपी करणारा गोल गोल फिरत राहतो. थांबण्याची अट न लिहिलेला लूप! लांबच लांब साखळी तयार होते, ती कापली जाते, तुकड्यांची टोकं जुळतात, नव्या बांगड्या तयार. कापायची कात्री झाडाची, चिकटवायचा गोंदही झाडाचाच.

झाडाकडे अँटीव्हायरस असतो. संशयास्पद आरएनए दिसला की त्याचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करायचे, आणि ते तुकडे 'वॉन्टेड'च्या फोटोसारखे वापरून तसाच दिसणारा आरएनए शोधून नष्ट करायचा. घोळ इथे होतो. व्हायरॉइडचा एखादा तुकडा झाडाच्या स्वतःच्या जनुकाशी जुळला, तर झाड आपलीच फाइल डिलीट करतं.

पीचच्या झाडात हे नीट सिद्ध झालंय. पीचच्या एका व्हायरॉइडच्या काही प्रकारांत १२-१४ अक्षरांची एक जास्तीची घडी असते. तिचे तुकडे हरितलवकाला लागणाऱ्या एका प्रोटीनच्या संदेशाशी जुळतात. झाड तो संदेश नष्ट करतं आणि पानं पांढरी पडतात. इतक्याशा अक्षरांचा फरक, बस.

यावर फवारायला औषध नाही. बोर्डो बुरशीला मारतं, इथे बुरशीच नाही. आणि व्हायरॉइडचं स्वतःचं असं एकही प्रोटीन नाही की ज्यावर नेम धरावा.

०६:५० | जंबेरीवर चालतं, रंगपूरवर क्रॅश

मग जुनी झाडं ठणठणीत का? संत्र्याचं कलम म्हणजे दोन झाडांची जोडी. वर नागपुरी संत्रा, खाली खुंट. एक्झोकॉर्टिस संत्र्याच्या वरच्या भागात शांत बसतो. जंबेरी त्याला सहन करतो, जवळजवळ काहीच दिसत नाही. पण रंगपूर लाइमला तो सहन होत नाही. डोळा भरल्यानंतर काही वर्षांनी खुंटाची साल सुटायला लागते, वरचं झाड खुंटतं. ब्राझीलने रंगपूरवर हेच भोगलं, ऑस्ट्रेलियाने ट्रायफोलिएट नावाच्या खुंटावर. तिथले बागायतदार याला खवल्यांचा बुंधा म्हणायचे.

तोच कोड. एका मशीनवर वीस वर्षं निवांत, दुसऱ्या मशीनवर क्रॅश. मामाने निरोगी दिसणारी झाडं निवडली, त्यात चूक काय? डोळ्यांनी कळण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

असंच जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर झालं. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉपच्या वेली तिथे १९४०-५० च्या दशकांत खुज्या व्हायला लागल्या. कारण निघालं एक व्हायरॉइड. तो आला कुठून? शोधता शोधता सापडला द्राक्षवेलींत, आणि द्राक्षांवर त्याची काहीच खूण नव्हती! संशोधकांनी द्राक्षातला व्हायरॉइड हॉपमध्ये घालून पंधरा वर्षं जपला. त्याची अक्षरं बदलत बदलत शेतातल्या साथीतल्या व्हायरॉइडसारखीच झाली. द्राक्षाची वेल निरोगी दिसते, म्हणून ती शेजारच्या वेलीला निरोगी, असं नाही.

०८:२० | पसरवतं कोण?

डेंग्यूला डास लागतो. एक्झोकॉर्टिसला असा कुठलाही किडा लागत नाही. तो दोनच रस्त्यांनी जातो : रोगी झाडाचा डोळा, आणि रोगी झाडाचा रस लागलेलं पातं. दोन्ही आपल्याच हातात.

(एक अपवाद सांगितल्याशिवाय राहवत नाही. इस्रायलमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये शोधनिबंध छापला की शेळ्या झाडाला शिंगं घासतात, त्या शिंगांवरूनही व्हायरॉइड पुढच्या झाडात जाऊ शकतो. पण शेळीला दोष देण्याआधी आपला सिकेटर बघा.)

मामाची एक सवय. सल काढताना एकच सिकेटर घेऊन पहिल्या झाडापासून शेवटपर्यंत जायचं. मध्ये पातं पँटला पुसायचं. सगळेच करतात. शिकलेले लोक स्पिरिट लावतात किंवा पातं ज्योतीवर धरतात. वाईट बातमी : या व्हायरॉइडसाठी ते पुरत नाही, तो उष्णतेला दाद देत नाही. चालतं काय? सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे साधं ब्लीच, साधारण १ टक्का तीव्रतेचं. झाड बदललं की पातं त्यात बुडवायचं. काम झालं की पाण्याने धुऊन, पुसून तेल लावायचं, नाहीतर गंज चढतो. द्रावण रोज ताजं. हातात ग्लोव्हज, आणि ते अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळायचं नाही.

०९:३० | मग उपाय काय?

लागलेल्या झाडातून व्हायरॉइड निघत नाही. पण पुढचं झाड स्वच्छ करता येतं. वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकाला, मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशाएवढ्या कणात, बहुतेक वेळा व्हायरॉइड पोचलेला नसतो. तो कण सूक्ष्मदर्शकाखाली कापून छोट्या रोपावर बसवतात, याला शूट टिप ग्राफ्टिंग म्हणतात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत याच पद्धतीने रोगमुक्त मातृवृक्ष तयार करतात.

तपासायची एक जुनी, सुंदर पद्धतही आहे. संशयित झाडाचा डोळा महाळुंगाच्या ठरावीक जातीवर बांधायचा आणि उबेत ठेवायचा. व्हायरॉइड असेल तर महाळुंगाची पानं खाली वळतात. आमच्या भाषेत टेस्ट सर्व्हर! जे प्रॉडक्शनमध्ये लपतं, ते इथे उघडं पडतं.

आणि ऐकून हसाल, काही देशांत ठरावीक सौम्य व्हायरॉइड मुद्दाम झाडात घालतात, झाडं बुटकी राहावीत आणि दाटीने लावता यावीत म्हणून. बगचं फीचर! पण ते तपासलेल्या, एकट्या व्हायरॉइडने, जाणत्या माणसांकडून. घरी करून बघू नका.

१०:४० | खरा अवघड भाग

मामाने ठरवलं : नव्या प्लॉटमधली खुजी झाडं टप्प्याटप्प्याने मुळांसकट काढायची, तिथे तपासलेल्या कलमा लावायच्या. जुना प्लॉट ठेवायचा, फळं देतोय. पण त्याला वेगळा सिकेटर, आणि त्यातला एकही डोळा कुणाला द्यायचा नाही.

इथेच मामा गप्प झाला. कारण त्या दोन झाडांचे डोळे त्याने गावात सात जणांना दिले होते. फुकट. चांगलं झाड असलं की डोळे मागायचे आणि द्यायचे, ही तिकडची रीत. पैसे घेणं कमीपणाचं.

मी म्हणालो, "मामा, सांगावं लागेल." आमच्याकडे खराब कोड बाहेर गेला की ज्यांनी ज्यांनी तो घेतला त्या सगळ्यांना मेल जातो. चोवीस तासांत, माफीसकट. माझ्यासाठी तो एक मेल असतो. मामाला सात घरांच्या ओट्यावर जाऊन बसायचं होतं.

तो गेला. मीही दोन घरी सोबत होतो. एकाने जंबेरीवर कलमा केल्या होत्या, त्याला काही दिसलं नव्हतं. त्याला समजावणं सगळ्यात कठीण गेलं, "माह्ये झाडं तं बरे हायेत" म्हणाला. शेवटी एवढं कबूल केलं की पुढे डोळे देणार नाही. दुसऱ्याने रंगपूर घेतला होता. त्याने आम्हाला बागेत नेलं, चार वर्षांच्या झाडाच्या बुंध्यावरून बोट फिरवलं, तडकलेली साल दाखवली आणि म्हणाला, "म्या तं दोन साल झाले औषधच ओतून राह्यलो. आता तं थांबतो." आणि चहा मागवला.

तर मंडळी, तुमच्या घरी संत्रा, मोसंबी, लिंबू, द्राक्ष काहीही असेल, तर आज घरी फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा. कलमा कुठल्या झाडाच्या, तपासलेल्या का? आणि सिकेटर कशाने धुता? उत्तर "पँटला पुसतो" असं आलं, तर हा भाग पाठवून द्या.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत मजेत राहा.