शालेय समुपदेशक होण्यासाठी पदव्युत्तर प्रशिक्षण : पदवी, सराव आणि पर्यवेक्षण

प्रस्तावना

मी रायपूरमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. मानसशास्त्र हा माझा विषय नाही; पण प्रथम वर्षाच्या वीस-बावीस विद्यार्थ्यांची 'मेंटर' म्हणून जबाबदारी दरवर्षी माझ्याकडे असते. पहिली चाचणी झाली की त्यांच्यापैकी कोणीतरी हमखास येऊन सांगतो, "मॅडम, मला ही शाखा नकोच होती." हे बोलण्याची जागा खरे तर दहावीच्या वर्गात, शाळेच्या समुपदेशकासमोर होती. तिथे ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून ते बोलणे दोन-तीन वर्षे उशिरा माझ्या टेबलापाशी येते.

आमचेच काही माजी विद्यार्थी आणि बी.एड. झालेल्या मैत्रिणी आता विचारतात, "शालेय समुपदेशक व्हायचे तर काय शिकावे लागते?" त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हा पाठ आहे.

1. शालेय समुपदेशकाचे काम

समुपदेशन म्हणजे सल्ला देणे नव्हे. समोरच्याला स्वतःची अडचण नीट पाहता यावी आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेता यावा, यासाठी केलेली शिस्तबद्ध मदत म्हणजे समुपदेशन. शाळेत ही मदत तीन अंगांनी होते :

(अ) शैक्षणिक – अभ्यासात मागे पडणे, परीक्षेची भीती, अध्ययन अक्षमतेची शंका.
(आ) करिअरविषयक – विषय आणि शाखा निवडणे, अभिरुची व अभियोग्यता समजून घेणे.
(इ) वैयक्तिक व सामाजिक – घरातील ताण, मैत्री, छळ, एकटेपणा, शोक.

शालेय समुपदेशक आजाराचे निदान करत नाही आणि औषध देत नाही. औषधोपचार मनोविकारतज्ज्ञ करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याने चालते. कोणत्या मुलाला पुढे पाठवायला हवे हे वेळेत ओळखणे, हे मात्र शालेय समुपदेशकाचेच काम आहे. रायपूरच्या समुपदेशकाला एम्स रायपूरचा मनोविकार विभाग, बिलासपूरजवळच्या सेंदरीचे राज्य मानसिक चिकित्सालय आणि टेली-मानसचा 14416 हा क्रमांक तोंडपाठ हवा.

2. हा प्रश्न आत्ताच महत्त्वाचा का?

सीबीएसईच्या 2018 च्या संलग्नता नियमावलीने माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना पूर्णवेळ समुपदेशक नेमण्यास सांगितले. नववी ते बारावीत 300 पेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या शाळांना अर्धवेळ नेमणुकीची मुभा होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळांशी जोडलेल्या समुपदेशकांचा उल्लेख आहे. त्यानंतर 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूतून हे प्रकरण उभे राहिले होते. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा आणि त्याने मुलांच्या व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे, असे त्यात म्हटले आहे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे.

म्हणजे जागा निर्माण होणार. पण ज्याचे तास कमी आहेत अशा एखाद्या शिक्षकाच्या नावापुढे 'समुपदेशक' लिहिले, तर कागद पूर्ण होतो आणि मूल होते तिथेच राहते. म्हणूनच 'पात्र' या शब्दाचा अर्थ समजून घेऊ.

3. प्रशिक्षणाचे मार्ग

पहिला मार्ग – मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. रायपूरमध्ये पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठात (स्थापना 1964) मानसशास्त्राची अध्ययनशाळा आहे. समुपदेशन किंवा शालेय मानसशास्त्र हे विशेष विषय मिळतात का, हे प्रवेशापूर्वी पाहावे. केवळ 'मानसशास्त्रात एम.ए.' असल्याने समुपदेशनाचा सराव झालाच असेल असे नाही.

दुसरा मार्ग – मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका. एनसीईआरटीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम यासाठी परिचित आहे. त्याची रचना तीन टप्प्यांची : सहा महिने दूरस्थ अभ्यास, तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष शिक्षण आणि तीन महिने आपल्या गावी इंटर्नशिप. हा अभ्यासक्रम मुख्यतः शिक्षकांसाठी आखलेला आहे. छत्तीसगढसाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे. महाराष्ट्र आणि गोवा हेही याच संस्थेच्या क्षेत्रात येतात, त्यामुळे गोंदिया-नागपूरच्या वाचकांनाही हा मार्ग खुला आहे. चालू वर्षाचे माहितीपत्रक पाहूनच अर्ज करा.

केंद्रीय विद्यालयांच्या कंत्राटी समुपदेशकाच्या जाहिरातींत सहसा मानसशास्त्रातील पदवी आणि समुपदेशनाची पदविका अशी अट असते. पदवी आणि पदविका या दोन्हींचा विचार एकत्र करावा तो यासाठी.

अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी – अनेक विद्यापीठांत इतर शाखांच्या पदवीधरांनाही मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश मिळतो. पण पूर्वी नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एम.ए. करण्याची जी सोय होती, ती आता गृहीत धरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. यामागे 2021 चा सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्य क्षेत्रातील मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही येतात. हा निर्णय गैरसोयीचा वाटेल. पण पुढील मुद्दा वाचल्यावर त्यामागचे कारण कळेल.

4. सराव आणि पर्यवेक्षण : प्रशिक्षणाचा गाभा

विकासाचे मानसशास्त्र, समुपदेशनाच्या उपपत्ती, मानसिक चाचण्या, संशोधन पद्धती हे विषय पुस्तकातून शिकता येतात. कार्ल रॉजर्स यांनी सांगितलेली तीन सूत्रे – समानुभूती, विनाअट स्वीकार आणि खरेपणा – उत्तरपत्रिकेत पाच मिनिटांत लिहिता येतात. रडणाऱ्या मुलासमोर ती पाळता येणे वेगळे.

माझेच उदाहरण देते. एकदा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मेकॅनिकल माझ्याने होणार नाही." मी त्याला शाखेचे भवितव्य समजावले, मागच्या विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या सांगितल्या आणि म्हणाले, "एक सेमिस्टर दे, आवडायला लागेल." तो "जी मॅडम" म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने शिक्षण सोडले. नंतर त्याच्या खोलीतल्या मित्राकडून कळले, की फीसाठी घरचे शेत गहाण पडले होते आणि नापास झालो तर काय, या भीतीने तो झोपत नव्हता. त्याला शाखेविषयी बोलायचेच नव्हते.

आता हेच वाक्य प्रशिक्षित व्यक्तीसमोर आले असते तर? "होणार नाही असे वाटते. कधीपासून वाटायला लागले?" इतके विचारून ती थांबली असती. थांबणे ही शिकण्याची गोष्ट आहे. ती अशी शिकतात : विद्यार्थी-समुपदेशक प्रत्यक्ष सत्र घेतो, संमती घेऊन संवाद शब्दशः लिहितो आणि अनुभवी पर्यवेक्षकासमोर ठेवतो. पर्यवेक्षक एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारतो, "इथे तू घाई का केलीस? हे उत्तर मुलासाठी होते की तुझ्या अस्वस्थतेसाठी?" माझ्या त्या पाच मिनिटांवर असे बोट ठेवणारे कोणी असते, तर मला माझी चूक वर्षभर आधी दिसली असती.

अमेरिकेत 'केकरेप' ही संस्था ज्या समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देते, त्यांत 100 तासांचे प्रात्यक्षिक आणि त्यानंतर 600 तासांची इंटर्नशिप आवश्यक असते. आपल्याकडे सर्व अभ्यासक्रमांत अशी एकच मोजपट्टी नाही. म्हणून ती मोजपट्टी प्रवेश घेणाऱ्यानेच हातात धरावी लागते.

5. भाषा आणि परिसर

आपल्याकडची बरीच पुस्तके आणि चाचण्या इंग्रजीत आहेत. रायपूरच्या एखाद्या आत्मानंद इंग्रजी माध्यम शाळेतले मूल वर्गात इंग्रजी ऐकते, मैदानात हिंदी बोलते आणि आजीजवळ छत्तीसगढीत म्हणते, "मन नइ लागत हे." यात कंटाळा आहे, उदासी आहे की घरची आठवण, हे कोणतीही छापील प्रश्नावली सांगणार नाही. म्हणून इंटर्नशिप ज्या भागात काम करायचे त्याच भागातल्या शाळेत करावी. चाचणी वापरताना तिचे मानदंड कोणत्या मुलांवर ठरवले आहेत, हेही पाहावे. गुण ही संवादाची सुरुवात असते, निकाल नव्हे.

6. गोपनीयता आणि तिच्या मर्यादा

मुलाने सांगितलेले स्टाफरूममध्ये पोहोचले, की त्या शाळेत समुपदेशन संपले. पण गोपनीयतेला मर्यादा आहेत आणि त्या मुलाला पहिल्याच भेटीत सांगाव्यात :

– मूल स्वतःला इजा करून घेण्याचा धोका असेल,
– दुसऱ्या कोणाला धोका असेल,
– मुलावर अत्याचार झाल्याचे कळले असेल.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. शाळेची बदनामी हे कारण तिथे चालत नाही. अशा वेळी मुख्याध्यापकांसमोर ठाम उभे राहणे हाही प्रशिक्षणाचा भाग मानावा.

7. प्रवेश घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

(1) प्रत्यक्ष मुलांसोबत किती तासांचा सराव आहे?
(2) पर्यवेक्षक कोण आहे आणि तो आठवड्यातून किती वेळा भेटतो?
(3) इंटर्नशिपसाठी शाळा संस्था देते की स्वतः शोधावी लागते?
(4) कायदा, नीतिनियम आणि पुढे पाठवण्याची पद्धत शिकवतात का?
(5) ज्या शाळांत काम करायचे, त्यांच्या जाहिरातींत ही पात्रता चालते का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गोलमोल मिळाली, तर फी कितीही कमी असो, दुसरीकडे पाहा.

सारांश

पदवीमुळे अर्ज करता येतो. समुपदेशक तयार होतो तो पर्यवेक्षणाखालील सरावातून. नियमांमुळे शाळांत खुर्च्या येतील. त्या खुर्चीत बसणाऱ्याला पहिली दोन मिनिटे गप्प बसून ऐकता आले पाहिजे.

स्वाध्याय

1. सल्ला आणि समुपदेशन यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील एका प्रसंगाने स्पष्ट करा.
2. "सर, मला शाळेत यायचे नाही," या वाक्याला तुम्ही द्याल ती पहिली तीन उत्तरे लिहा. त्यांपैकी किती प्रश्न आहेत आणि किती उपदेश, ते मोजा.
3. आपल्या जिल्ह्यात अडचणीतील मुलाला पुढे पाठवता येईल अशा सेवांची यादी करा.