पडदा पिवळा पडला? आधी केबल बघा

जुन्या मॉनिटरवर सगळंच पिवळट दिसू लागलं म्हणून तो लगेच भंगारात काढू नका. संगणक बंद करा, व्हीजीए केबल काढा आणि तिचं तोंड उजेडात धरा. पहिली पिन लाल, दुसरी हिरव्या, तिसरी निळ्या रंगाचा सिग्नल नेते. निळा तुटला की पडदा पिवळा, हिरवा तुटला की गुलाबी-जांभळा. वाकलेली पिन बारीक चिमट्याने हळूच सरळ होते. (मधल्या ओळीत एक पिन बऱ्याचदा मुळातच नसते, तो दोष नव्हे.)

एलसीडीचा पडदा काळा, पण दिवा चालू? टॉर्च तिरपा मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलाय.

पिक्चर ट्यूबचा मॉनिटर मात्र घरी अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.