पितळेचे काठिण्य व भांड्यांची तडक

बेगमबाजारात पितळी भांड्यांचा व्यापार करणाऱ्या बंधूंस हे ठाऊक असावे, की धक्काही न लागलेला गडू पावसाळ्यात कोठारात पडल्या पडल्या तडकू शकतो. दोष बहुधा मालाच्या हाताळणीत नसून ठोकलेल्या धातूच्या स्वभावात असतो.

धातूचे अणू रांगांनी रचलेले असतात. त्या रांगांतील उणिवा सरकतात म्हणूनच पत्रा वाकतो, हे टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी १९३४ साली स्वतंत्रपणे मांडले. ठोकल्याने या उणिवा हजारो पटींनी वाढून परस्परांत अडकतात व धातू कठीण होतो. पुण्याच्या तांबट आळीचे मठारकाम याच गुणावर उभे आहे. ठोके अती झाले तर मात्र तांबे फाटते. म्हणून कारागीर ते मधूनच भट्टीत लाल करतो. उष्णतेने धातूत नवे, निर्दोष कण उगवतात व तो पुन्हा मऊ होतो.

ठोकलेल्या अगर दाबून घडविलेल्या पितळेत ताणही कोंडून राहतो. ब्रिटिश अमदानीत तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया त्यास कारण, हे १९२१ साली उलगडले. घडविलेला माल सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसवर काही काळ तापविल्यास ताण निवळतो आणि काठिण्य बहुतांशी टिकते. ही क्रिया झाली की नाही, हे कारखानदारास खरेदीपूर्वीच विचारावे, असे आम्ही सुचवितो. कल्हईवाल्याची भट्टीही कोठारास लागून नसावी, कारण तापलेल्या नवसागरातून तोच अमोनिया सुटतो.