पिंपळावरचे तीन दिवस

३ फेब्रुवारी १८३२. पुण्याच्या खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत उमाजी नाईकांना फाशी दिली गेली. तेवढ्यानं कंपनी सरकारचं भागलं नाही. लोकांना जरब बसावी म्हणून त्यांचा देह तीन दिवस पिंपळाला लटकवून ठेवला. मेलेल्या माणसाचा एवढा धसका!

पुरंदरची राखण करणाऱ्या रामोश्यांचे हक्क पेशवाई बुडाल्यावर गेले आणि भिवडीचा हा नाईक बंडात उतरला. पुढं कंपनीनंच त्यांना माफी देऊन चाकरीत घेतलं. उमाजींनी पुन्हा बंड केलं. मग त्यांच्या डोक्यावर इनाम लागलं आणि फितुरीनं ते पकडले गेले.

अशीच एक कथा सिसिलीतली. ५ जुलै १९५० रोजी कास्तेलवेत्रानो गावातल्या एका अंगणात साल्वातोरे जुलियानो हा नामांकित डाकू पालथा पडलेला सापडला. चकमकीत मारला, असं पोलिसांनी सांगितलं. पण पत्रकार तोमासो बेसोत्सी यांनी रक्ताचे डाग निरखले आणि त्या कहाणीतली भोकं उघडी केली. पुढं जुलियानोचा उजवा हात गास्पारे पिशोत्ता यानं खुनाची कबुली दिली. १९५४ मध्ये तोही तुरुंगात विषानं मेला.

फ्रांचेस्को रोझी यांनी १९६२ मध्ये यावर चित्रपट काढला. त्याची सुरुवातच अंगणातल्या प्रेतापासून होते. पुढंही नायकाचा चेहरा जेमतेम दिसतो. दिसतात ते त्याच्याभोवतीचे पोलीस, माफिया, पुढारी आणि गावकरी. डाकू कसा होता यापेक्षा त्याचा वापर कुणी केला, हे रोझी विचारतात. एका माणसाच्या गोष्टीत सबंध मुलूख दिसू लागतो, ही केवढी किमया!

उमाजींकडेही तसंच पाहता येतं. त्यांना पकडण्याच्या मोहिमेवरचा कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यानं १८३३ मध्ये रामोश्यांवर पुस्तक छापलं आणि त्यात उमाजींचं चरित्र घातलं. ज्यांनी त्यांना संपवलं, त्यांच्यातल्याच एकानं त्यांची हकिगत जपली! कंपनीच्या लेखी ते दरोडेखोर. लोकांनी मात्र त्यांना आद्यक्रांतिवीर मानलं.

खडकमाळ आळीत आज उमाजींचं स्मारक आहे. पुण्याला गेलात तर तिथं घटकाभर थांबा आणि स्वतःला विचारा: तो देह टांगणाऱ्यांना नेमकी कशाची भीती वाटत होती?