चार तासांचं बंदर

चंदीगडहून अंबाल्याच्या रस्त्याला लागलं की झिरकपूर येतं. गगनाला भिडणाऱ्या सोसायट्या, लग्नाचे दिमाखदार पॅलेस आणि परदेशी पाठवणाऱ्या एजंटांच्या पाट्या. या पाट्यांवर कॅनडाच्या व्हिसाशेजारी आता क्रूझचं चित्रही दिसू लागलंय: बर्फाचे डोंगर, निळं पाणी, पांढरंशुभ्र जहाज. इथून समुद्र हजार किलोमीटरच्याही पलीकडे. तरी समुद्र विकला जातो, आणि घेतलाही जातो. नोकरीनिमित्त इकडे राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना त्यात एक गंमत वाटते. आपल्या आजी-आजोबांनी आगबोटीचा प्रवास केला तो नाइलाजाने, रस्ता नव्हता म्हणून. त्यांची नातवंडं आता लाखो रुपये मोजून आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या बंदरात जातात. तिथे त्यांना वेळ मिळतो तो चार तास, फार तर एखादा दिवस.

एवढ्या वेळात दिसतं काय? नॉर्वेतलं ट्रॉम्सो घेऊ, कारण मध्यरात्रीचा सूर्य पाहायला निघालेल्यांच्या यादीत हे नाव बहुधा असतंच. हे शहर एका बेटावर वसलंय, जवळजवळ सत्तर अंश उत्तर अक्षांशावर. साधारण 20 मे ते 22 जुलै इथे सूर्य मावळत नाही आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाही. 1960 साली बांधलेला पूल ओलांडला की 1965 चं त्रिकोणी आर्क्टिक कॅथीड्रल. त्याच्या मागच्या डोंगरावर जायला रोपवे. गावात ध्रुवीय मोहिमांचं संग्रहालय आणि रोआल्ड आमुंडसेनचा पुतळा. दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचलेला हा माणूस 1928 साली ट्रॉम्सोहूनच विमानाने निघाला, संकटात सापडलेल्या नोबिले या इटालियन ध्रुवप्रवाशाला शोधायला. तो परतला नाही.

हे सगळं चार तासांत बसतं. पण कोणत्या बोटीने आलात यावर बरंच अवलंबून आहे. हजारो प्रवाशांची मोठी क्रूझ जहाजं सहसा गावाबाहेर ब्रेव्हिकाच्या धक्क्याला लागतात. तिथून बसने गावात यायचं, फोटो काढायचे आणि जेवणाच्या वेळेला जहाजावर परतायचं, कारण जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात. किनारी सेवेची लहान बोट मात्र थेट शहराच्या मध्यात लागते. तिच्यातून पर्यटक उतरतात, तसा सुट्टीला घरी आलेला विद्यार्थी उतरतो, दुकानाचा मालही उतरतो. माझ्या मते उत्तरेची बंदरं पाहायची तर याच बोटीने. जलतरण तलाव आणि कॅसिनो नसले तरी चालेल.

या सेवेचं नाव हुर्टिगरुटेन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उत्तर नॉर्वेत पत्र पोहोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत, हिवाळ्यात पाच-पाच महिने. बर्फाळ अंधारात, अपुऱ्या दीपस्तंभांच्या भरवशावर, खडकांतून बोट हाकायला कंपन्या तयार नव्हत्या. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ते अंगावर घेतलं. त्याने आणि त्याच्या वाटाड्याने दिशा, वेग आणि वेळ यांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या होत्या. होकायंत्र आणि घड्याळ यांच्या आधाराने अंधारातही जाता येईल, असा त्यांचा हिशेब होता. 2 जुलै 1893 रोजी 'वेस्टेरालेन' ही बोट ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टकडे निघाली. पत्र आता आठवड्यात पोहोचू लागलं.

आज ही सेवा बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत 34 बंदरं घेते. एका बाजूचा प्रवास सहा दिवसांचा. काही बंदरांत बोट जेमतेम पंधरा मिनिटं थांबते, तीही मध्यरात्री. अशा ठिकाणी पर्यटक केबिनमध्ये घोरत असतो. बोट थांबते ती गावासाठी. आणि हे धंद्याच्या गणितावर सोडलेलं नाही. सरकार कंपन्यांशी करार करतं, पैसे देतं आणि बंदरं ठरवून देतं. 2021 पासून हा करार दोन कंपन्यांत विभागलाय: सात बोटी हुर्टिगरुटेनच्या, चार हाविलाच्या.

त्याच देशाने बड्या क्रूझ जहाजांना मात्र वेसण घातली आहे. बर्गनमध्ये हान्सा या जर्मन व्यापारी संघाच्या जुन्या लाकडी वखारी 1979 पासून जागतिक वारसा आहेत. उत्तरेच्या लोफोटेन बेटांवरचा सुकवलेला कॉड मासा शतकानुशतकं तिथूनच युरोपात जाई. त्या शहराने एका दिवसात येणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर मर्यादा आणली. स्वालबार्ड बेटांच्या संरक्षित भागांत 2025 पासून दोनशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाला प्रवेश नाही.

आता आपल्याकडे या. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जाई. वरच्या वर्गात साहेबलोक, खाली डेकवर वळकट्या पसरलेले चाकरमानी. बोट लागून बेजार झालेल्यांच्या हातात लिंबू. बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी गाळ आणि वाळूचे दांडे, त्यामुळे बोट खोल पाण्यात उभी राहायची. पडावातून आणि होडीतून माणसं, आंब्याच्या पेट्या, ट्रंका यांची ने-आण. क्रूझवाले ज्याला 'टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेणं' म्हणून पत्रकात छापतात, ते आपल्या आज्यांनी लुगडं सावरत, देवाचं नाव घेत केलेलं आहे.

या व्यवसायात स्वदेशीचाही अध्याय आहे. इंग्रजी कंपनीशी स्पर्धा करायला भारतीयांनी काढलेल्या सहकारी कंपनीला लोक आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावं होती. त्यांतल्याच 'रामदास'चं नाव अजून अंगावर काटा आणतं. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्य महिन्याच्या आत आलं, आणि त्या गदारोळात या दुर्घटनेला राष्ट्रीय स्मृतीत जागा मिळाली नाही. कोकणच्या घरांत मात्र ती आहे.

पुढे 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी अनेकांच्या आठवणीत राहिल्या. एसटी गावोगाव पोहोचली, ही बोटसेवा संपली, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. उगाच गळा काढायचं कारण नाही. रेल्वे वेगवान आहे, पावसाळ्यातही चालते. नॉर्वेचा किनारा बेटांच्या आडोशाला आहे आणि त्याचे फ्योर्ड खोल आहेत. आपला किनारा उघडा, खाड्या उथळ आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांसमोर कोणाचं काही चालत नाही. नॉर्वेची नक्कल इथे जशीच्या तशी होणार नाही.

तरी एक गोष्ट खटकतेच. 2018 मध्ये 'आंग्रिया' ही क्रूझ बोट मुंबईहून गोव्याला निघाली. नंतर कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझ आल्या. सप्टेंबर 2025 मध्ये बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं, वर्षाला दहा लाख प्रवाशांच्या क्षमतेचं. पण गोव्याकडे जाणारं क्रूझ जहाज रात्रीच्या अंधारात रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला मागे टाकून जातं. ज्या किनाऱ्याच्या दर्यावर्दी घराण्याचं नाव जहाजाला द्यायचं, त्या किनाऱ्याचे फक्त दिवे दुरून पाहायचे!

रत्नागिरीत पाहायला नाही असं नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा इथे तीस वर्षं कैदेत राहिला आणि 1916 साली इथेच वारला. त्याचा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, सावरकरांच्या पुढाकाराने 1931 मध्ये उघडलेलं पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग आणि शेजारचं दीपगृह हे सगळं काही किलोमीटरच्या आत आहे. वर सोलकढी आणि माशाचं जेवण. ट्रॉम्सोच्या चार तासांपेक्षा हे चार तास कमी भरणार नाहीत. उणीव आहे ती माणसाला सुखरूप चढता-उतरता येईल अशा धक्क्याची आणि ठरल्या वेळी येणाऱ्या बोटीची.

मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गसाठी वाहनंही नेणाऱ्या रो-रो बोटीची घोषणा 2025 मध्ये झाली. दिशा योग्य आहे. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा 2020 पासून चालते आणि तिच्यात अलिबागचा रहिवासी असतो, तसा शनिवार-रविवारचा पर्यटकही. बारमाही नाही तर आठमाही, पण वेळापत्रकाने चालणारी आणि सरकारने तोटा सोसूनही टिकवलेली बोट आधी कोकणी माणसाला मिळाली पाहिजे. क्रूझचा पाहुणा तिच्या मागोमाग येईल. तुमच्या गावात जेट्टीचं काम निघालं, तर तिथे जहाज किती मोठं लागेल हे नंतर विचारा. आधी नगरपरिषदेत विचारा की रोजची बोट कधी सुरू होणार, आणि तिचं तिकीट किती.