कॉम्प्रेसर गेला, की दाब खचला?

फ्रीज थंड होईनासा झाला की घरात पहिले वाक्य ऐकू येते ते म्हणजे "कॉम्प्रेसर गेला!" कॉम्प्रेसर, म्हणजे संपीडक, हा फ्रीजच्या मागे तळाशी असलेला काळा बंद डबा. तो बदलायचा तर काही हजारांचा खर्च. पण डबा शाबूत असूनही न चालण्याची कारणे बरीच आहेत. त्यांतले एक तर आपल्या जुन्नर-आंबेगावच्या विहिरींवरच बसलेले आहे!

आधी नुसते ऐका. अजिबात आवाज नसेल तर आतला दिवा लागतो का, पिन सैल आहे का, तापनियंत्रकाची खुंटी कोणी शून्यावर आणली का, एवढे पाहा. बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीज त्या कामासाठी अर्धा तास मुद्दाम गप्प बसतो. तेवढा धीर धरावा.

दुसरा प्रकार अधिक मनोरंजक आहे. 'घूंऽऽ' असा आवाज येतो, काही सेकंदांत 'टक्' होऊन सारे शांत. दोन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. हे का होते?

डब्यात पंप आणि एकफेजी मोटर असते. एकफेजी विजेचे चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी मागेपुढे होते. म्हणून अशी मोटर आपण होऊन सुरू होत नाही. कपॅसिटर गेलेला छताचा पंखा आठवा. तो नुसता गुणगुणतो, पण काठीने ढकलला की फिरू लागतो. कॉम्प्रेसरमध्ये काठी घालता येत नाही! म्हणून मुख्य गुंडाळीच्या जोडीला एक 'सुरुवातीची' गुंडाळी असते. तिच्या वाटेवर बहुतेक फ्रीजमध्ये बेरियम टायटॅनेटच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची एक चकती बसवलेली असते. थंड असताना तिचा रोध दहा-वीस-तीस ओहम; प्रवाहाने ती तापली की तोच काही हजार ओहम होतो आणि सुरुवातीची गुंडाळी जवळजवळ सुटी पडते. तोवर मोटरने वेग घेतलेला असतो.

वेग घेतलाच नाही तर? अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सहापट प्रवाहाला ३६ पट! गुंडाळी जळू नये म्हणून डब्यालगत द्विधातुपट्टी असते. ती वाकून मंडल तोडते. तोच तो 'टक्'. थंड झाली की पुन्हा जोडते.

आता विहिरीकडे या. नारायणगाव, ओतूर, मंचर या भागांत ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे. पंपांची वीज आली की शिवारभर मोटारी एकदम सुरू होतात. जिथे घरे आणि पंप एकाच रोहित्रावर आहेत, तिथे काय होते ते ढोबळमानाने मांडू. समजा तारेचा रोध ०.७ ओहम आहे आणि पंपांचा प्रवाह ७० अँपिअर. तारेतच ४९ व्होल्ट खर्ची पडतील, टोकाच्या घरी २३० ऐवजी १८१ पोचतील. मोटरचा सुरुवातीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो उरेल ६२ टक्के. दाब १६० वर आला तर निम्म्याहूनही कमी! कॉम्प्रेसर बिचारा गुणगुणणारच. तेव्हा 'घूं-टक्' ठरावीक वेळीच ऐकू येते का, याची आठवडाभर वहीत नोंद ठेवा. पंपांची वेळ आणि ही वेळ जुळली तर कॉम्प्रेसरला दोष देऊ नका.

यावर स्टॅबिलायझर हा उपाय खरा, पण दाब चढवताना तो तारेतून जास्त प्रवाह ओढतो. गल्लीतल्या प्रत्येकाने बसवला तर दाब आणखी खचेल. गंमतच आहे!

वीज क्षणभर जाऊन आली तरी 'घूं-टक्' होते. त्या वेळी पंपाच्या एका बाजूस वायूचा दाब चढलेला असतो, आणि ती चकतीही गरम असते. पाच मिनिटे थांबले की दोन्ही प्रश्न सुटतात.

दाब ठीक, थांबूनही झाले, तरी चालत नाही? मग मल्टिमीटर. हे काम शिक्षक किंवा तंत्रज्ञासमवेतच करायचे, आणि प्लग काढून. कपॅसिटर असेल तर तो आधी तंत्रज्ञाने रिकामा करावा. नळ्यांना मात्र हात लावू नका; हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. चकती आणि संरक्षक काढल्यावर डब्यावर तीन खिळे दिसतात. समजा त्यांच्या जोड्यांमधील रोध १४, २२ आणि ३६ ओहम आले. १४ + २२ = ३६, म्हणजे गुंडाळ्या शाबूत. ३६ च्या जोडीत नसलेला खिळा तो दोघींचा सामाईक. त्याच्यापासून १४ वर मुख्य गुंडाळी, २२ वर सुरुवातीची. एखादी जोडी अनंत रोध दाखवत असेल तर तार तुटली. खिळा आणि डब्याचा पत्रा यांत रोध मोजता आला तर आवरण फाटले, आणि तो फ्रीज शॉक देईल. असे असेल तरच म्हणा, "कॉम्प्रेसर गेला." गुंडाळ्या चांगल्या असतील तर आधी चकती बदलून पाहावी; ती स्वस्त असते. (इन्व्हर्टर फ्रीजमध्ये तिन्ही रोध सारखे येतात, तिथे हे गणित लावू नका.)

घरच्या फ्रीजमध्ये फार तर दूध नासेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोष्ट निराळी. आपला मुलूख बिबट्यांचा. माणिकडोहला त्यांचे निवारा केंद्रच आहे. बिबट्या किंवा पिसाळलेला कुत्रा चावला तर लागणारी रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. म्हणून लशींच्या खास फ्रीजच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ जूल उष्णता गिळतो. समजा अस्तर १० किलोचे आहे आणि बाहेरून ४० वॅट दराने उष्णता झिरपते: ३३ लाख ४० हजार जूल भागिले ४०, म्हणजे सुमारे २३ तास. त्यामुळे दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी असा फ्रीज तग धरतो. कॉम्प्रेसर थांबला तर तिथले कर्मचारी झाकण उघडत नाहीत, आधी तापमापी वाचतात. पारा ८ कडे सरकू लागला की बर्फाच्या पिशव्या लावलेल्या शीतपेटीत लशी हलवतात.