एका गड्याचें मोल

फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत आमच्या कोरेगांव तालुक्यांत गांवोगांवच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेबरोबर कबड्डीचे सामनेहि येतात. आमची वडील पिढी या खेळास हुतूतू म्हणे. आतां लहानथोर सर्वजण कबड्डीच म्हणतात. अशाच एका जत्रेच्या आधीं रहिमतपुराजवळच्या एका मंडळाची बैठक भरली होती. वर्गणी बरी जमली होती, आणि वाद असा पडला कीं, त्या पैशानें बाहेरचा एक नामांकित पकडपटू दोन दिवसांपुरता आणावा, कीं खेळणाऱ्या मुलांसाठीं मॅट व गुडघ्यांचे पट्टे घ्यावे. माझे दोन विद्यार्थी त्या संघांत खेळत. त्यांतील एकाचे वडील संध्याकाळीं मजकडे आले व म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा. एक मोठा गडी आणल्यानें संघ मोठा होतो का?" त्या वेळीं मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें पुरें करण्याचा येथें यत्न करितों. व त्यासाठीं जत्रेचें मैदान सोडून प्रथम पुण्याच्या संघाकडे वळतों, कारण तेथें हाच प्रश्न कोट्यवधि रुपये पणास लावून सोडविण्यांत आला.

सन २०१४ मध्यें प्रो कबड्डी लीग सुरू झाली, हें आमच्या बालवाचकांस सांगावयास नको. तेच आम्हांस तिच्यांतील खेळाडूंचीं नांवें शिकवितात. या लीगमध्यें करारांतून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा लिलाव होतो, आणि जो संघ सर्वांत मोठी बोली बोलेल, त्याकडे तो खेळाडू सहसा जातो. (माणसाचा लिलाव हा शब्द कानास कठोर लागतो खरा, परंतु लिलांव होतो तो त्याच्या श्रमाचा, एवढें ध्यानांत ठेवावें.) १७ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबईंत झालेल्या अंतिम सामन्यांत पुणेरी पलटण जयपूरच्या संघाकडून २९ विरुद्ध ३३ गुणांनीं हरली. पुण्याचा संघ प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत पोंचला होता, आणि अंतर अवघें चार गुणांचें. अशा वेळीं प्रत्येक चाहत्याच्या मनांत एकच विचार येतो, कीं आणखी एक गडी असता तर!

तो गडी पुढच्या वर्षीं बाजारांत आला. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हा डाव्या कोपऱ्यावर खेळणारा पकडपटू. त्यापूर्वीं तो पाटण्याच्या संघांत होता. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईंत झालेल्या लिलावांत पुणेरी पलटणीनें त्यास २ कोटि ३५ लक्ष रुपयांस घेतलें. ही रक्कम ऐकून आमच्या शिक्षकांच्या खोलींत पुष्कळांनीं कपाळास हात लाविला. त्यांत मीहि होतों.

किंमत योग्य कीं अयोग्य हें ठरविण्यापूर्वीं कोपरारक्षकाचें काम पाहिलें पाहिजे. कबड्डींत प्रत्येक बाजूस सात गडी असतात. चढाई करणारा तीस सेकंदांच्या आंत कोणास तरी शिवून मध्यरेषेकडे परतूं पाहतो. त्यास अडविण्याचें काम सातहि जणांचें असलें, तरी दोन टोकांस उभे असणारे कोपरारक्षक आणि त्यांच्या आंतल्या अंगाचे मध्यरक्षक यांवर मुख्य भार पडतो. कोपरारक्षक घोटा धरितो किंवा मांडीस मिठी घालतो. मध्यरक्षक त्याच क्षणीं धडक देऊन चढाईपटूस बाहेर लोटितो किंवा त्याची परतीची वाट बंद करितो. पकड साधली म्हणजे गुण सहसा एकच मिळतो. परंतु त्याबरोबर प्रतिपक्षाचा चढाईपटू बाहेर बसतो, आणि आपला बाद झालेला एक गडी आंत येतो. तेव्हां फलकावर एक दिसणारा गुण वस्तुतः त्याहून बराच मोठा असतो. ही पकडपटूच्या बाजूची गोष्ट झाली. दुसरी बाजू अशी कीं, कोपऱ्यानें उडी घेतली आणि शेजाऱ्याचा पाय जागचा हालला नाहीं, तर चढाईपटू एकास शिवावयाचा तो दोघांतिघांस शिवून निसटतो. शादलुईचा स्वभाव तर वाट न पाहतां पुढें होऊन झडप घालण्याचा. असा गडी भोंवतालची माणसें सावध असतील तर आधार होतो; नसतील तर त्याच्याच पराक्रमानें संघ उघडा पडतो.

आतां हिशेब. त्या हंगामांत प्रत्येक संघास खेळाडूंवर एकूण ५ कोटि रुपयेच खर्च करण्याची मुभा होती, आणि संघांत किमान १८ खेळाडू असावे असा नियम होता. एकट्यावर २ कोटि ३५ लक्ष खर्चिले म्हणजे उरले २ कोटि ६५ लक्ष. ते सतरा जणांत वांटले तर दर माणशीं सरासरी साडेपंधरा लक्ष पडतात. मोठ्या गड्याची खरी किंमत त्यास दिलेल्या रकमेंत नसून त्याच्यामुळें जे इतर गडी घेतां येत नाहींत, त्यांत असते. घर चालविणाऱ्या आमच्या पालकभगिनींस हें गणित समजाविण्याची गरज नाहीं. ज्या महिन्यांत एक मोठी वस्तु घरांत येते, त्या महिन्यांत कोणत्या डब्यांचा तळ दिसतो, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें.

पुण्याच्या बाजूनें एक गोष्ट अशी होती, कीं त्यांचें बाकीचें घर बांधून झालें होतें. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतला अस्लम इनामदार आणि त्याच्याच बरोबरीचा मोहित गोयत हे दोघे तरुण २०२१-२२ च्या हंगामांत पुण्याकडून प्रथम उतरले व तेथेंच वाढले. पंकज मोहिते, आकाश शिंदे, गौरव खत्री, संकेत सावंत, अबिनेश नडराजन हे लिलावापूर्वींच संघांत राखलेले होते. म्हणजे शादलुईच्या शेजारीं कोण उभें राहणार, हा प्रश्न सुटलेला होता. उणीव होती ती एका कोपऱ्याची. आधींचा कर्णधार फजल अत्राचली हाहि डाव्याच कोपऱ्याचा, आणि तो त्या लिलावांत गुजरातकडे गेला.

परिणाम सर्वांस ठाऊक आहे. साखळींतील २२ सामन्यांपैकीं पुण्यानें १७ जिंकले, केवळ २ गमावले, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरियाणाचा २८ विरुद्ध २५ असा पराभव करून प्रथमच विजेतेपद मिळविलें. शादलुईनें ९९ पकडगुण मिळवून हंगामांतील सर्वोत्तम पकडपटूचा मान घेतला.

परंतु त्याच लिलावांतील दुसरें उदाहरण याच्या शेजारीं ठेविल्यावांचून हा धडा अर्धाच राहील. पवन सेहरावत हा चढाईपटू तेलुगु टायटन्स संघानें २ कोटि ६० लक्ष ५० हजार रुपयांस, म्हणजे शादलुईहूनहि अधिक मोलानें घेतला. पवननें आपल्या कामांत कसूर केली नाहीं. दोनशेंहून अधिक चढाईगुण मिळविले. तरी संघानें २२ पैकीं २ च सामने जिंकले व तो शेवटच्या स्थानीं राहिला. कारण उघड आहे. चढाईपटू गुण आणी, आणि मागें पकड नसल्यामुळें ते गुण वाहून जात. आणखी एक वर्ष मागें जावें तर त्याच पवनला तमिळ थलैवाज संघानें २ कोटि २६ लक्षांस घेतलें होतें. ऑक्टोबर २०२२ मध्यें पहिल्याच सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामभर खेळूं शकला नाहीं. आश्चर्य असें कीं, तो संघ त्याच्यावांचून इतिहासांत प्रथमच उपांत्य फेरींत गेला. ज्या तरुणांस एरव्हीं बाकावर बसावें लागलें असतें, त्यांस खेळावें लागलें.

तर मग पुण्यानें पुढें काय केलें? शादलुईस राखलें नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें हरियाणानें त्यास २ कोटि ७ लक्षांस घेतलें, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजीं पाटण्यास ३२ विरुद्ध २३ असें हरवून विजेतेपद मिळविलें. तेंहि कोठें, तर पुण्यांतच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत! पुणेरी पलटण त्या वर्षीं बादफेरीपर्यंतहि गेली नाहीं. तिचा कर्णधार अस्लम दुखापतीमुळें हंगामाच्या मध्येंच बाहेर पडला, ही गोष्टहि न्यायबुद्धीनें जमेस धरली पाहिजे. माझें मत विचाराल तर, विजेत्या संघाचा कोपरा इतक्या लवकर मोकळा करावयास नको होता. यावर आमच्या वर्गांत मोठा वाद झाला. नववींतील एका मुलानें मला २०२५ चें उदाहरण देऊन गप्प केलें. त्या वर्षीं शादलुई २ कोटि २३ लक्षांस गुजरातकडे गेला, आणि गुजरातचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला नाहीं. पुण्याचा संघ त्याच्यावांचून पोंचला, आणि दिल्लीकडून २८ विरुद्ध ३१ असा हरला. आतां हरला खरा. पण मुलाचा मुद्दा कायम राहिला.

आतां त्या जत्रेकडे परत येतों. मंडळानें शेवटीं बाहेरचा गडी आणिला. गडी खरोखरच उत्तम होता. त्याच्या पहिल्या पकडीस मैदानाभोंवतीं उभे असलेले म्हातारेहि टाळ्या पिटूं लागले. ज्या विद्यार्थ्याची जागा डाव्या कोपऱ्यावर होती, तो दोन्ही दिवस अंगावर टॉवेल घेऊन रेषेबाहेर बसून होता, आणि त्याचे वडील त्याच्या मागें उभे होते. संघानें दुसऱ्या क्रमांकाचा चषक आणिला. चषक मंडळांत ठेवण्यांत आला, पाहुण्याचें मानधन देण्यांत आलें, आणि तो रात्रीच्या गाडीनें परत गेला.

आठ दिवसांनीं दुसऱ्या गांवीं सामने होते. वर्गणींतलें कांहीं उरलें नव्हतें. मी सायकलीवरून सहज तिकडे गेलों, तों डाव्या कोपऱ्यावर आमचाच मुलगा उभा होता. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आंत येत होता, आणि शेजारचा मध्यरक्षक त्यास हळूच विचारीत होता, "आधीं तूं जाणार, कीं मी?"